आजारी माशापुढे आरसा

ताईच्या फायटर माशाचे पर कुजू लागले होते. दुकानदाराच्या सांगण्यावरून आम्ही बरणीत खडेमीठ विरघळवलं, निळ्या औषधाचे थेंब टाकले, रोज पाणी बदललं. तरी तो तळाशी कुशीवर पडूनच होता. चौथ्या दिवशी ताईने बरणीसमोर आरसा धरला. प्रतिबिंब दिसताच तो उठला आणि कल्ले फुलवून काचेवर धडकला.

"बघ रे, सुधारला!" ताई ओरडली. मीही टाळ्या वाजवल्या.

त्याला विश्रांती हवी होती. आम्ही त्याला शत्रू दाखवला. माणसांनाही असंच चेतवतात आणि त्या रागालाच जिवंतपणा म्हणतात. ते म्हणणाऱ्यांत त्या दिवशी मीही होतो.

ताईने आरसा बाजूला ठेवला. "दमलाय रे. झोपू दे त्याला."

संध्याकाळी आम्ही त्याला तुळशीशेजारच्या रिकाम्या कुंडीतल्या मातीत पुरलं.