शेवटच्या आट्यापर्यंत

माझ्या स्वभावात थांबणं नाही. तळेगावच्या शाळेत इतकी वर्षं शिकवतेय. पोरगं वाचताना अडलं की पुढचा शब्द माझ्याच तोंडून निघतो. वर्गात ते खपून जातं. चार वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याला पक्षाघात झाला आणि ही सवय घरात शिरली. त्यांचा उजवा हात गेला, पाय अर्धा परत आला, आणि बोलणं आलं ते तुकड्यातुकड्यांनी. समजतं सगळं, शब्द तेवढा सापडत नाही. गंमत म्हणजे रविवारी विहारात बुद्धवंदना सुरू झाली की हा माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता म्हणतो, आणि घरी येऊन ‘पाणी’ म्हणायला त्याला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट मी कधी दिलं नाही. “पाणी ना? घ्या,” म्हणून पेला पुढे करायची. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघायचा. नाही निघाला, तर ते मुकाट्याने पाणी पिऊन घ्यायचे.

सेवाग्रामच्या दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी मला बजावलं होतं, “त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. थांबा.” मी हो म्हटलं. पार्किंगमध्ये पोचेपर्यंत त्यांची दोन वाक्यं पूर्ण करून टाकली.

आठवड्यातून एकदा तिथे जावंच लागतं. एसटीची पायरी त्यांना चढवत नाही, म्हणून आमची जुनी गाडी. नोकरीत असताना त्यांनीच ती सेकंडहँड घेतली होती. ती बनवणाऱ्या कंपनीने आपल्याकडे गाड्या काढणं केव्हाच बंद केलंय. मी पन्नाशी ओलांडल्यावर आर्वीला जाऊन ड्रायव्हिंग शिकले, आणि खरं सांगायचं तर मला हीच एक गाडी चालवता येते. दुसऱ्या कुठल्या गाडीत बसले की क्लच कुठे सुटतो तेच कळत नाही.

मागच्या हिवाळ्यात पंक्चरवाल्याने एक चाक खाली टेकवलं आणि म्हणाला, “मॅडम, रिमले तडा गेला. हे आता वेल्डिंगचं काम नाई.” बाकीची तीन चाकंही ठोकून ठोकून सरळ केलेली, संध्याकाळी हवा भरावी तर सकाळी बसलेली. कंपनीचं चाक नागपूरच्या भंगारबाजारातही मिळेना. मग चारही अलॉय व्हील बसवायचे, असं मी ठरवलं. यांनी फक्त डाव्या हाताने कपाटाकडे बोट दाखवलं.

हे आयटीआयत फिटर ट्रेड शिकवणारे निदेशक होते. कपाटात त्यांचा व्हर्निअर आहे, माप घ्यायचा, अजून तेल लावून ठेवलेला. अंगणात चाक आडवं पाडून त्यांनी माझ्याकडून समोरासमोरच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून घेतलं. एकदा नाही, चार वेळा. आमच्या गाडीच्या चाकाला चार बोल्ट. ते ज्या गोलावर बसतात, त्याचा हा व्यास. अठ्ठ्याण्णव मिलिमीटर. मी ते कागदावर लिहिलं आणि कागद पर्समध्ये टाकला.

वर्ध्याच्या दुकानात कळलं की सगळी चाकं शंभरची. अठ्ठ्याण्णवचं नावच कोणी काढत नाही. दुकानदाराने माझा कागद पाहिला आणि हसला. “काकू, दोन एमएमनं काई होत नाई. नखाएवढंबी नाई ते. बसवून देतो, तुम्ही कायजी करू नका.” चाकं दिसायला छान होती. मला शाळेचे पेपर तपासायचे होते. मी म्हटलं, बसवा.

पहिलं चाक चढलं तसे हे काठी टेकत पुढे गेले, कसेबसे वाकले आणि एक बोल्ट डाव्या हाताने फिरवू लागले. तीन आटे, म्हणजे तीन फेरे, आत गेला आणि अडला. पोरांना ते काय शिकवायचे, मला पाठ आहे: बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटच्या आट्यापर्यंत गेला पाहिजे, पाना फक्त कसायला. पान्याने रेटावा लागला तर काम नापास.

“नाई,” ते म्हणाले. पुढे काही सांगायचं होतं, पण येईना. पुन्हा, “नाई… नाई…”

“सगळ्यातच नाई काऊन म्हणता तुम्ही?” मी म्हटलं. म्हटलं कसलं, ओरडलेच. “त्याचा रोजचा धंदा आहे. त्याले समजत नसन काय?”

टायर बदलायला आलेले चारपाच जण उभे होते. त्यातला एक हसला. हे गाडीत जाऊन बसले. अर्ध्या तालुक्याच्या पोरांना ज्यांनी आटे पाडायला शिकवलं, त्यांना मी एका बोल्टावरून चारचौघांत गप्प केलं. तेव्हा मला लाजसुद्धा वाटली नाही. भूक लागली होती आणि घरी जायचं होतं. हवेच्या गनने खडखडत सोळा बोल्ट आत गेले.

परतताना साठच्या वर काटा गेला की स्टिअरिंग थरथरायचं. “रस्ता खराब आहे,” मी म्हटलं. रस्ता नवाकोरा सिमेंटचा होता. यांनी दारावरची मूठ घट्ट धरली आणि घर येईपर्यंत सोडली नाही.

पुढच्या आठवड्यात सेवाग्रामला जाताना खरांगण्याच्या अलीकडे पुढून टकटक ऐकू यायला लागली. बाजूला थांबून पाहिलं. त्यांच्या बाजूचं, पुढचं चाक. एक बोल्ट मी दोन बोटांनी फिरवला आणि तो माझ्या हातात आला. दुसराही सैल. आणखी दोनचार किलोमीटर गेलो असतो तर ते चाक आमच्या आधी वर्ध्याला पोचलं असतं. त्यांनी काचेतून हात बाहेर काढून बोल्ट मागितला, आटे निरखले आणि परत दिला. मी त्यांच्या जागी असते तर ‘सांगितलं होतं ना’ हे महिनाभर ऐकवलं असतं. मी पान्याने सगळे बोल्ट कसले आणि बैलगाडीच्या चालीने वर्धा गाठलं. त्या दिवशीचा व्यायाम बुडाला.

दुकानदाराने चाक उतरवलं. भोकं एका बाजूला खाल्ली गेली होती, एक बोल्ट वाकला होता. “काकू, चुकलंच माह्यं,” म्हणाला. त्याच्यावर चांगलं तोंडसुख घ्यायचं मी येतानाच ठरवलं होतं, पण आता कुठल्या तोंडाने घेणार? माप माझ्याच पर्समध्ये होतं आणि जाणकार माणूस माझ्याच शेजारी बसला होता. दुकानदाराने त्याच्याकडेच पडलेली जुनी चाकं, तडा गेलेल्याच्या जागी स्टेपनी घेऊन, पुन्हा चढवून दिली आणि नागपूरहून बरोबर मापाची मागवतो म्हणाला.

ती यायला तीन आठवडे लागले. या खेपेला हे एका टायरवर बसले. प्रत्येक चाक चढलं की टायर सरकवायचा, बसायचं, चार बोल्ट डाव्या हाताने लावायचे. एकेक बोल्ट, सावकाश, शेवटच्या आट्यापर्यंत. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, “काकू, कसून टाकू काय?”

“त्यांले विचारा,” मी म्हटलं. “ते सर आहेत.”

चौथ्या चाकाचा शेवटचा बोल्ट अर्ध्यात अडला. कचरा असेल, पुसून घ्या, असं अगदी जिभेवर आलं होतं. मी पदराचं टोक मुठीत धरलं आणि ओठ दाबून उभी राहिले. सगळेच उभे राहिले. बाहेर एक ट्रक गेला, दुकानातला पंखा फिरत होता. मग ते म्हणाले, “आटे.” आणि थोड्या वेळाने, “साफ.”

दुकानदाराने तारेच्या ब्रशने आटे साफ केले. बोल्ट सुळकन आत गेला. “सर,” त्याने वाकून विचारलं, “आता कसू?” यांनी गनकडे पाहून नको अशी मान हलवली, भिंतीवरच्या लांब पान्याकडे बोट केलं, आणि मग पुष्कळ वेळाने, स्पष्ट म्हणाले, “कस.”

मला इतका अभिमान वाटला की मी उगाच पर्समध्ये काहीतरी शोधत बसले.

परतीला स्टिअरिंग साठलाही शांत, सत्तरलाही शांत. आंजी मागे पडल्यावर मी धीर केला. “त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडली,” म्हटलं. “सगळ्यांसमोर. माफ करा मले.”

ते बोलले नाहीत. शब्द शोधत असतील म्हणून मी थांबले. पुलावरून गाडी गेली, एक कपाशीचं शेत गेलं, दुसरं गेलं. मी थांबूनच होते. शेवटी तिरक्या नजरेने पाहिलं. शब्द शोधताना त्यांचे ओठ हलतात, कपाळावर आठी येते. आता ओठ मिटलेले होते, कपाळ सपाट, नजर खिडकीबाहेर. ते काहीही शोधत नव्हते. ते रुसले होते.

आजाराच्या आधी रुसायचे तसेच. तेव्हा दोन दोन दिवस चालायचं. चार वर्षं मी त्यांचं प्रत्येक गप्प बसणं आजारात जमा केलं, आणि त्यातलं किती माझ्यावरच्या रागाचं होतं हे मला कधी कळलंच नाही. मला रडू आलं. गाडी चालवताना रडणं बरं नाही, म्हणून वेग कमी केला.

“बरं,” मी म्हटलं, “रुसा. उद्या पुन्हा विचारीन.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही पुढे एक शब्द बोलले नाही.