हाती न लागणारे गुरुजी

आमच्याकडे सत्यनारायण सांगायला येणाऱ्या गुरुजींना हात लावून दाखवील असा माणूस अख्ख्या अमरावतीत नाही, हे मी परवापरवापर्यंत स्टँपपेपरवर लिहून द्यायला तयार होतो. मी वकील असल्यामुळे असलं काही सहसा लिहून देत नाही. पण गुरुजींची गोष्टच वेगळी. साठी ओलांडलेली, पोट धोतराच्या निऱ्यांवर सुखानं विसावलेलं, आणि जन्मभर पाळलेलं कडक सोवळं. पाहुण्यांनी गच्च भरलेल्या लग्नघरात ते नैवेद्याचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून देवघरात जायचे आणि वाटेत कुणाचा पदरसुद्धा त्यांना लागायचा नाही. पोर आडवं आलं तर कमरेतून वळायचे, जावईबापू पाया पडायला वाकले तर एक पाऊल मागे सरून तिथूनच आशीर्वाद द्यायचे. ताटातली खीर मात्र हलायची नाही.

आता आमच्या खेळाविषयी. डॉक्टरांनी पोट कमी करायला सांगितलेले आम्ही काही जण रविवारी सकाळी टच रग्बी खेळतो. नावाला घाबरू नका. यात धक्का नाही, पाडापाडी नाही. लंबगोल चेंडू घेऊन पळायचं, समोरच्याचा हात लागला की जागीच थांबून चेंडू खाली ठेवायचा, आणि कुणाला न शिवू देता शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की गुण. आमचे कप्तान सलीमभाई, कापड दुकानवाले. एका रविवारी गुरुजी पूजा आटोपून, हातात प्रसादाचा डबा घेऊन मैदानाच्या कडेनं घरी चालले होते. चेंडू घरंगळत त्यांच्या पायाशी गेला. त्यांनी तो उचलला आणि तो घ्यायला आम्ही सहा जण धावलो. माणसं अंगावर आली की गुरुजींचं शरीर त्यांना न विचारताच वळतं. ते असे वळत वळत, आम्हा सहाही जणांना चुकवून पार दुसऱ्या टोकाला पोचले. डब्याचं झाकणही हललं नव्हतं.

सलीमभाई धापा टाकत म्हणाले, "गुरुजी, दर रविवारी येत जा. तुमाले हात लावाचा म्हनजे फिरत्या पंख्यात बोट घालनं हाय."

गुरुजींनी एकच शंका काढली. "चेंडू चामड्याचा नाही ना?"

"रबराचा हाय."

"मग हरकत नाही," गुरुजी म्हणाले. चेंडू तोवर त्यांच्या काखेतच होता.

तेव्हापासून ते धोतर खोचून, कॅनव्हासचे बूट घालून येऊ लागले. आधी खेळ, मग आंघोळ, मग पूजा, असा त्यांनी क्रम लावून घेतला. कुणी हात लागल्याचा दावा केला तर शांतपणे म्हणायचे, "हात नाही, वारा लागला." गुरुजी खोटं बोलत नाहीत, त्यामुळे अपील नसे. आम्ही जिंकू लागलो.

पण या सोवळ्यानं त्यांच्या घरात एक वाईट गोष्ट केली होती. त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं अकोल्याच्या, जातीबाहेरच्या मुलाशी लग्न केलं. लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा गुरुजींनी आतूनच निरोप पाठवला, मी सोवळ्यात आहे. ती ओट्यावर तासभर बसली आणि परत गेली. त्याला आठ वर्षं झाली. गुरुजींची बायको, म्हणजे आमच्या काकू, तिला चोरून फोन करत. गुरुजी अकोल्याची पूजासुद्धा घेत नसत. मला त्यांचा फार राग यायचा आणि तो मी त्यांना कधी सांगितला नाही.

गेल्या हिवाळ्यात अकोल्याचा असाच एक हौशी गट आमच्याशी खेळायला आला. बायकापुरुष एकत्र. त्यांत ती होती. बाबा खेळतात हे काकूंकडून कळल्यावर तिनं हा खेळ मुद्दाम शिकून घेतला होता, हे तिनं मला नंतर सांगितलं. गुरुजींनी तिला पाहिलं, बुटाची नाडी पुन्हा बांधली आणि मैदानात उतरले. अर्धा तास दोघं एकमेकांच्या वाटेला गेले नाहीत.

शेवटच्या मिनिटाला दोन्ही बाजूंचे गुण सारखे होते आणि चेंडू गुरुजींकडे आला. त्यांनी एकाला चुकवलं, दुसऱ्याला, तिसऱ्याला, चौथ्याला. रेषेपुढे एकटी ती उरली. उजवीकडे सगळं मैदान मोकळं होतं. गुरुजी वळलेच नाहीत. ते थांबले. तीही हात उचलून तशीच थांबली.

"बाबा, सोवळ्यात तर नाही ना?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "माझी आंघोळ व्हायची आहे अजून."

तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. सलीमभाई टोपी झटकत भलतीकडेच बघत राहिले. नियमाप्रमाणे गुरुजींनी चेंडू खाली ठेवायचा होता, तो त्यांनी ठेवला नाही. वेळ संपली. सामना बरोबरीत सुटला, आणि आम्ही सगळे सलीमभाईंकडे पोहे खायला गेलो.

त्या दिवसापासून गुरुजींचं काहीतरी बिघडलंय. आता त्यांना कुणीही शिवतं. मीसुद्धा दोनदा शिवलो, आणि माझ्याच्यानं तर उभी म्हैससुद्धा शिववत नाही. अंगावर माणूस आला की ते बावळटासारखे हसत उभे राहतात. महिन्यातला एक रविवार अकोल्याला जातात, तिथे जेवून येतात. आम्ही सारखे हरतो. त्यांचं ते वळत वळत धावणं पुन्हा बघायला मिळणार नाही, याची कधीकधी हुरहूर वाटते. गुरुजींच्या जागी कुणी तरणा गडी घ्यावा असं मध्ये एकानं सुचवलं. सलीमभाईंनी त्याला आणखी पोहे वाढले आणि विषय तिथेच संपला.