मोताळ्याची तबकडी

कुठल्याही नव्या ठिकाणी गेलं की मास्तर आधी डोक्यावरची काळी टोपी काढायचे. देवळाच्या पायरीशी लोक चपला काढतात तशी. टोपी काखेत धरून, डोळे अर्धे मिटून ते दारातच उभे राहायचे. मागं आम्ही यंत्रांची खोकी उचलून खोळंबलेले. कुणी तोंड उघडलंच तर म्हणायचे, "थांबा ना जी. पहिले आयकू तं द्या." टोपीनं कान दबतात असं त्यांचं मत होतं. त्यांची टोपी कानांच्या चांगली दोन बोटं वर बसत असे, हे त्यांना सांगायचा धीर आम्हा कुणालाच झाला नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि राजधानी नागपूर. तिथं रेडिओ नुकताच सुरू झाला होता. मी पुण्याहून शिकून आलेली, शुद्ध बोलणारी, म्हणून मला घेतलं. मास्तर मूळचे संग्रामपूरकडच्या एका खेड्यातले. वीस वर्षं शाळेत शिकवून रेडिओत आले होते, म्हणून मास्तर. गावोगावच्या लोकांचे आवाज आणून त्यांतून एखादी हकिकत उभी करायची, याला आम्ही रूपक म्हणत असू. ते काम मला मास्तरांच्या हाताखाली शिकायचं होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला कापसाच्या बाजारात पाठवलं आणि काय ऐकलं ते लिहून आणायला सांगितलं. मी लिहिलं, 'गाड्यांचा खडखडाट, बैलांच्या घुंगरांचा मंजुळ नाद.' मास्तरांनी कागद दोनदा वाचला.

"बाई, हे तं तुम्ही घरी बसूनही लिवलं असतं. भरली गाडी कोनती अन् रिकामी कोनती, हे आयकू आलं का?"

"नाही."

"मंग उद्या जा परत."

मी चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मला भरल्या गाडीचं कण्हणं आणि रिकाम्या गाडीचं उडणं वेगळं ऐकू येऊ लागलं. मी मोठ्या उत्साहानं विचारलं, "आणि मास्तर, कापसाचा आवाज कसा दाखवायचा?" ते हसले. "कापसाले आवाज नसते. येचनारीले असते. तिले बोलवा."

स्वतः ते मायक्रोफोनसमोर कधी गेले नाहीत. "माहा आवाज म्हंजे कोरड्या हिरीत बादली आपटल्यावानी," म्हणायचे. पण गावच्या माणसाचं बोलणं मी पुस्तकी करून लिहिलं की त्यांची लाल पेन्सिल चालायची. पुण्याच्या माझ्या मामांनी एकदा पत्रात लिहिलं, की तुमच्या कार्यक्रमात फार गावंढळ बोलतात. मी ते मास्तरांना दाखवलं. "मामांले म्हना, थे गावंढळ नाई बोलत. गावचे हायेत, म्हनून गावचं बोलते," एवढंच म्हणाले.

त्या वर्षी मोताळ्याच्या बाजूला पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, बरीच माणसं नेली होती. लोक लस टोचून घेत नव्हते. त्यावर रूपक करायचं ठरलं. मोताळ्याजवळच्या एका माळ्याच्या घरातली चार वर्षांची मुलगी गेली होती. तिची आई सरू बोलायला तयार झाली. मी आठवडाभर आधी तिला चार ओळी लिहून पाठवल्या होत्या. तिला वाचता येत नव्हतं. कुणाकडून तरी वाचून घेऊन तिनं त्या पाठ केल्या होत्या.

आमच्या मोटारीत आवाज कोरायचं यंत्र होतं. काळ्या लेपाची तबकडी फिरायची, तिच्यावर सुई आवाज कोरत जायची. चार मिनिटांत तबकडी संपायची. एकदा कोरलेलं पुसता येत नसे, मधलंच वाक्य काढून टाकता येत नसे. त्या दिवशी आमच्याकडे दोनच तबकड्या होत्या.

सरू मायक्रोफोनसमोर ताठ बसली आणि शाळेत कविता म्हणावी तसं बोलू लागली, "माझ्या लाडक्या कन्येच्या वियोगानं..." पहिली तबकडी वाया गेली. माझी मान खाली गेली. मास्तर उठले आणि तिच्या शेजारी मातीत मांडी घालून बसले. समोर बाजारासाठी तोडलेल्या वांग्यांचा ढीग होता.

"हे किडके कोनाले देता?" त्यांनी विचारलं.

"म्हशीले," म्हणत तिनं सवयीनं वांगी निवडायला घेतली. मास्तरांनी यंत्रावरच्या इंजिनिअरकडे हळूच बोट हलवलं. दुसरी तबकडी फिरू लागली.

वांगी निवडता निवडता सरू मुलीवर आली. ती म्हशीला 'मावशी' म्हणायची. मग सरू थांबली. हात थांबले. मळ्याच्या कोपऱ्यावरच्या मोटेचं चाक कुरकुरत होतं, तेवढंच. तबकडी फिरत होती, वेळ जात होता. तिला पुढं बोलायची खूण करावी म्हणून मी हात उचलला. मास्तरांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"सुईवाला डाक्टर आला," सरू म्हणाली, "तं सासूनं तिले पऱ्हाटीच्या गंजीमांगं लपवली. सुई दुखते म्हनून. पोरगी तिथून मले पाहून हासून राह्यली होती. मलेही हासू आलं. मीही नाई सांगतलं डाक्टरले."

सुई तबकडीच्या कडेला पोचली.

परतताना मला आनंद मावत नव्हता. असं काही मी आजवर ऐकलं नव्हतं. मास्तर मात्र मोटारीच्या खिडकीतून मागं रस्त्याकडे बघत होते. मलकापूर मागं पडल्यावर म्हणाले, "थे म्हतारी बाजारातून घरी आली असन आता."

"कोण म्हातारी?"

"सासू. तिले कोनी इचारलं?"

नागपूरला आल्यावर ते म्हणाले, म्हातारीला ऐकवल्याशिवाय हे लावायचं नाही. मी भांडले. सरूनं आपण होऊन सांगितलंय, हजारो लोक ऐकतील, मुलं वाचतील. म्हातारी नाही म्हणाली तर?

"तं नाई लावाचं."

"मास्तर, एका म्हातारीसाठी?"

"उद्या थे पान्याले जाईन अन् हिरीवरच्या बाया तिच्याकडं पाहतीन. तवा तुम्ही अन् मी नागपूरले असू."

मग त्यांनी शाळेतली एक गोष्ट सांगितली. वर्गातल्या एका मुलीनं घरावर निबंध लिहिला होता. बाप पिऊन आला की आई आम्हाला कुठं झोपवते, ते सगळं. मास्तरांनी कौतुकानं तो वर्गात वाचून दाखवला. मुलगी दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही. ते घरी गेले, तर दारच उघडलं नाही. "निबंध लय चांगला होता, बाई," ते म्हणाले, आणि बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत बसले.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा मोताळ्याला गेलो. म्हातारी ओट्यावर बसली. सरू दाराआड, पदर तोंडावर. मास्तरांनी आधी म्हातारीला सांगितलं, "याच्यात तुमची गोठ हाये. आयका. मंग तुम्ही म्हनसान तसं." तबकडी लावली. पेटीतून सुनेचा आवाज आला तशी म्हातारी दचकली. मग ढिम्म बसून राहिली. तबकडी संपली तरी हलली नाही. मला वाटलं, आता उठून आत जाईल.

ती दाराकडे वळली. "हासत होती वं थे?"

दाराआडून सरू म्हणाली, "हाव."

"मले वाटलं, भ्याली होती. म्या तोंडावर हात ठेवला होता तिच्या."

"नाई आत्या. तुमच्या हाताखालून हासत होती."

पोरगी गेल्यापासून त्या दोघी तिच्याविषयी एकमेकींशी बोलल्याच नव्हत्या, हे आम्हाला नंतर कळलं. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. मास्तर मोटारीच्या चाकाकडे बघत उभे होते.

मग म्हातारी म्हणाली, "लावा. पन हे म्हनते सासूनं लपवली. गावात सासवा लय हायेत. लोकायनं कोनाची समजाव? माहं नाव सांगा."

"तुम्हीच सांगा ना," मास्तर म्हणाले.

नवी तबकडी लावली आणि तिनं सांगितलं. नवऱ्याचं, गावाचं, सगळं नाव सांगितलं आणि म्हणाली, "म्या लपवली. सुईचं दुखनं दोन दिसाचं असते." एवढंच. त्या तबकडीवर तीन मिनिटं कोरीच राहिली.

रूपक लागलं तेव्हा मी नागपूरला तबकड्या बदलत होते. मास्तर सुट्टी काढून मोताळ्याला गेले. तिथं एका दुकानात बॅटरीवरचा रेडिओ होता, त्यासमोर गर्दी झाली. म्हातारीही आली होती. मास्तर मुद्दाम तिच्या शेजारी, एकाच तरटावर बसले. कार्यक्रम संपला. मग मागून एका बाईनं विचारलं, "सुईवाला कवा येते आता?" परत आल्यावर मास्तरांनी मला एवढंच सांगितलं.

वर्षभरानं त्या गावाचा कंपाउंडर भेटला. म्हणाला, तिथं आम्हाला पोरं शोधावी लागत नाहीत, एक म्हातारी धरून आणते. नको म्हणणाऱ्या आईशी भांडते, आणि मग पोराला स्वतःच्या मांडीवर घेऊन बसते.

पुढं प्रांत बदलले, माणसं बदलली. मास्तर नोकरी सोडून गावी गेले. ते वारल्याचं मला महिन्यानं कार्डावरून कळलं. मी संग्रामपूरला उतरून बैलगाडीनं त्यांच्या गावी गेले. मास्तरांच्या पत्नी घरी एकट्याच होत्या. त्यांनी बाज टाकली, चहा केला. भिंतीला सातपुड्याकडचं ऊन आलं होतं. घरात कुठं रेडिओ दिसेना. मी विचारलं.

"नाई घेतला. लोक म्हनत, रेडिओतला मानूस अन् घरी रेडिओ नाई. तं म्हनत, घरी माही बायको हाये." त्या थोड्या लाजल्या. "गावी आले तवापासून रोज सांजीले इचारत, आज काय काय झालं? मी म्हनो, काय होते, म्हैस अन् चूल. तं म्हनत, थेच सांग." त्यांनी पदरानं कप पुसला. "आता कोनी इचारत नाई."

मी थोडी सरकले आणि बाजेवर त्यांना जागा केली.

"मग वहिनी, आज काय काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी थट्टा तर करत नाही ना, ते पाहिलं असावं. मग येऊन शेजारी बसल्या.

"आज ना," त्या म्हणाल्या, "सकाळीच म्हैस दावं तोडून पांदीनं पयाली. मी मांगं, थे पुढं..."