आधीच बांधलेला अहवाल

चामराजपेटेत पुरुषोत्तमअण्णांचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. त्यांच्या घराण्याला बंगळुरात पाच पिढ्या झाल्या. घरात मराठी, दुकानात कन्नड. माणूस मायाळू, पण चटकन विश्वास ठेवणार नाही. दूधवाल्यासमोर दूध मापून घेतील आणि मग त्यालाच बसवून कॉफी पाजतील.

त्यांची लेक रक्षिता सातव्या महिन्यात माहेरी आली आणि अण्णांचं लक्ष गल्लीतल्या सरकारी प्रसूतिगृहाकडे गेलं. तिथली शस्त्रक्रियेची खोली तीन वर्षं कुलपात, आणि अर्थसंकल्पात मात्र दर वर्षी तिच्यासाठी तरतूद. हे शोधून काढलं सुखदानं. ही पुण्याची मुलगी, मारतहळ्ळीत आयटीत नोकरी करते आणि रविवारी अण्णा आणि मी ज्यात आहोत त्या नागरिक गटाला अर्थसंकल्प वाचायला शिकवते. सरकारी खर्च तपासणाऱ्या आमदारांच्या एका समितीनं नागरिकांना बोलावलं, तेव्हा गटातर्फे बोलायला तिनं अण्णांचं नाव दिलं.

"बोलावतात कशाला?" अण्णा म्हणाले. "फोटो काढायला?"

"अण्णा, जरा पॉझिटिव्ह राहा ना."

"राहतो. पण स्वल्प लांबून."

सुनावणीला आम्ही तिघं दहालाच पोचलो. बाहेरच्या टेबलावर कारकून सुब्बारावांनी हजेरीचा कागद पुढे केला. सही केल्याशिवाय आत प्रवेश नव्हता. शेजारी जाड अहवालांची चळत होती. अण्णांनी सवयीनं वरचा उचलला, बांधणीच्या कण्यावरून अंगठा फिरवला.

"हा कधी बांधला?"

"छापखान्यातून आलाय, स्वामी. सही करा."

"याचा सरस वाळून दोन दिवस तरी झालेत."

त्यांनी शेवटचं प्रकरण उघडलं. मथळा होता 'नागरिकांची मते'. समितीने नागरिकांचे म्हणणे सविस्तर ऐकून घेतले, असं एक वाक्य आणि खाली आम्हा तिघांची नावं. प्रसूतिगृहाचा उल्लेख कुठेच नव्हता.

"आम्ही बोलायच्या आधीच ऐकलंत?"

"अहो, तो मसुदा आहे," सुब्बाराव म्हणाले.

"मसुद्याला एवढा पक्का पुठ्ठा मी चाळीस वर्षांत घातला नाही."

अण्णांनी पेन खाली ठेवलं. सुखदा रडकुंडीला आली. "अण्णा, सही नाही केलीत तर आपलं म्हणणं बाहेरच राहील. रक्षिताचा तरी विचार करा."

अण्णांनी पेन पुन्हा उचललं. त्यांनी सही केली आणि सहीपुढे ठळक अक्षरांत लिहिलं : 'आत जाण्यापूर्वी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे. अजून काही बोललेलो नाही.'

"हा कागद मी आत कसा नेऊ?" सुब्बारावांनी कपाळाला हात लावला.

"सरळ धरून."

आत समितीच्या अध्यक्षबाईंनी तो कागद वाचला आणि चष्म्यावरून सुब्बारावांकडे पाहिलं. अधिवेशन सोमवारी, म्हणून छपाई आधीच उरकली, असं ते पुटपुटले. बाई अण्णांना म्हणाल्या, "तुम्ही बोला." अण्णा चार मिनिटं बोलले. मग दीड पानाचं निवेदन त्यांनी पुढे ठेवलं.

"सरी, ठीक आहे. याची पुरवणी जोडू," बाई म्हणाल्या.

"सुटी पुरवणी गळून पडते, अम्मा. कणा सोडवून आत घालून देतो. प्रती किती, तीस? संध्याकाळपर्यंत होतील. मजुरी नको."

दोन-तीन आमदार हसले. बाई हसल्या नाहीत. अहवाल इमारतीबाहेर नेता येणार नाहीत, म्हणाल्या. मग समोरची स्वतःची प्रत त्यांनी अण्णांकडे सरकवली. अण्णांनी सुब्बारावांकडून डिंक मागून घेतला, निवेदनाची पानं शेवटच्या प्रकरणात कण्यालगत चिकटवली आणि डिंक धरेपर्यंत तळहातानं दाबून ठेवली.

"बाकीच्या एकोणतीस?"

"त्या मी बघते."

"कधी, अम्मा?"

बाईंनी सुब्बारावांकडे पाहिलं, सुब्बारावांनी घड्याळाकडे. अण्णा बाहेर आले, अहवालांच्या चळतीजवळ खुर्ची ओढून बसले आणि सुखदाला म्हणाले, "पोरी, निवेदनाची आपल्याकडची प्रत घे आणि झेरॉक्स काढून आण. एकोणतीस संच. सगळे चिकटवेपर्यंत मी इथून हलत नाही."