हँगरचा दरवाजा आणि वाकडा सिग्नल

विमानतळावर अँटेना मोजके असतात, किस्से मात्र वाढतच जातात. आम्ही रेडिओवाले नागपुरात सदर भागात चहाला बसलो, की एकाचं संपायच्या आत दुसरा सुरू होतो. मी आज एका हिवाळ्याचे सांगते, आणि शेवटी एक त्यानंतरचा.

*

आमचं काम सोपं करून सांगायचं, तर रनवेच्या टोकावरून रेडिओ सिग्नल पाठवायचा. धुक्यात तोच पायलटला मधली रेषा दाखवतो. पण हा सिग्नल एखाद्या पत्र्यावर आपटून परत आला आणि खऱ्या सिग्नलमध्ये मिसळला, की सरळ रेषा वाकडी दिसायला लागते.

हे सासूबाईंना समजावता समजावता मी घामाघूम झाले. त्यांनी भाजी निवडता निवडता विचारलं, "म्हणजे जिन्यात कोणी हाक मारली, तर वरून आली का खालून, समजत नाही. तसंच ना वं?"

दुसऱ्या दिवशी नव्या इंजिनिअरांच्या ट्रेनिंगमधून मी माझ्या अर्ध्या स्लाइड्स काढून टाकल्या!

*

त्या वर्षी सिग्नल तपासायला येणाऱ्या विमानाला आमची रेषा वाकडी सापडली. धुक्याचे दिवस तोंडावर आलेले. पुढच्या तपासणीतही नापास झालो असतो, तर सिस्टिम बंद ठेवावी लागली असती आणि धुक्यातली विमानं दुसऱ्या गावी वळवावी लागली असती.

माझे सीनियर वानखेडे साहेब आणि मी रिसीव्हर घेऊन जीपनं रनवेवर गेलो. आकडे असे नाचत होते, की मला चोर सापडल्याचाच आनंद झाला. तासभर मी भराभर नोंदी केल्या. साहेब शांतपणे इकडे तिकडे बघत होते. मग म्हणाले, "जीप मागं घे वं. आपलाच पत्रा सिग्नलच्या मधात उभा आहे."

*

खरा चोर फक्त सकाळीच यायचा. दुपारी रेषा एकदम सरळ! चार दिवस आम्ही डोकं खाजवलं. पाचव्या दिवशी साहेबांना दूरवर काहीतरी चमकताना दिसलं. विमानं ठेवायच्या एका हँगरचा घडीचा पत्र्याचा दरवाजा अर्धाच उघडा होता, आणि त्याची तिरपी बाजू बरोबर आमच्याकडे होती.

तिथले चौकीदार नामदेवभाऊ आत खुर्ची टाकून कोवळं ऊन खात बसले होते. पूर्ण उघडला तर वारा लागतो, म्हणून ते रोज सकाळी अर्धाच उघडायचे आणि ऊन चढलं की बंद करायचे. साहेबांनी त्यांना सगळं समजावलं. नामदेवभाऊंनी आधी दरवाजाकडे पाहिलं, मग आकाशाकडे.

"मी त ऊन घेऊन राहिलो गा," ते म्हणाले. "विमान काहून वाकडं होईल?"

दरवाजा बंद केला आणि रिसीव्हरवरचा आकडा जागच्या जागी थांबला. मी तिथेच टाळ्या वाजवल्या. नामदेवभाऊंनी मग स्वतःच आपली खुर्ची बाहेर आणली.

*

पण एका दरवाजाच्या भरवशावर किती दिवस राहायचं? शेवटी आम्ही अँटेनांची जास्त लांब रांग बसवली. त्यामुळे सिग्नल समोर नेमका जातो, बाजूच्या इमारतींवर कमी सांडतो. तपासणीचं विमान पुन्हा आलं. आलेख कागदावर उमटत होता आणि मी श्वास रोखून उभी होते. रेषा सरळ!

संध्याकाळी गेटवर नामदेवभाऊंनी मला थांबवलं. त्यांना एकच विचारायचं होतं.

"मॅडम, माझा दरवाजा पास झाला ना?"

*

वानखेडे साहेब तीस वर्षं विमानं उतरवण्याच्या कामात होते, पण स्वतः कधी विमानात बसले नव्हते. रिटायर झाल्यावर लेकीनं पुण्याहून नागपूरचं तिकीट काढून दिलं. ते आले त्या सकाळी दाट धुकं होतं. विमान ढगासारख्या पांढऱ्यात शिरलं, पायलटला रनवे अगदी शेवटी दिसला आणि चाकं मधल्या रेषेवर टेकली. आम्ही सगळे बाहेर वाट बघत उभे होतो. साहेब बॅग घेऊन आले, तसं त्यांना गाठून मी विचारलं, कसं वाटलं, खिडकीतून काय दिसलं.

"मी त डोळे मिटून होतो," ते म्हणाले. "पायलटले दिसून नाही राहिलं, मग मी काहून पाहू?"