घुर्र झालं की उठायचं

सत्त्याण्णव साली आर. के. पुरमचं सरकारी घर सोडून हेमलताबाई दिल्लीच्याच द्वारकेत नव्या सोसायटीत राहायला आल्या. तिथे लिफ्ट होती, केबल होती, गुळगुळीत फरशी होती. नळाला पाणी कधी येईल हे मात्र ब्रह्मदेवालाही ठाऊक नसे. यायचं तेही दोन-तीन बादल्यांपुरतं. म्हणून बाई नळ उघडाच ठेवत आणि कान तिकडे. आधी घुरघुर व्हायची. तिच्यामागून कधी पाणी यायचं, कधी नुसती हवा. बाईंचा हिशेब साधा होता: उगाच धावलं तर दम लागतो, न धावता पाणी गेलं तर आंघोळ जाते. तेव्हा घुर्र झालं की उठायचं, हातात फोन असो की आरतीचं तबक. देवाने आतापर्यंत तरी तक्रार केली नव्हती.

तक्रार होती लेकीची, वल्लरीची. तिला ऑफिसातला सिद्धांत मनापासून आवडला होता, आणि तो आज आपल्या आईला, वृंदाताईंना, पहिल्यांदाच घरी आणणार होता. वृंदाताई फोनवर इतकं मोजकं बोलत की वल्लरीला धडकीच भरे.

“आई, आज बिल्कुल उठायचं नाही. नळ बोंबलला तरी.”

“अगं, पण पाणी गेलं तर?”

“जाऊ दे यार. हे लग्न जायला नको.”

पोहे झाले, चौकशा झाल्या, चहा आला आणि नळ घुरघुरला. बाईंचे गुडघे आपोआप उचलले गेले. त्यांनी ते दोन्ही हातांनी दाबून धरले. हवाच असेल, त्यांनी मनाला बजावलं. मन ऐकेना. आज न धावण्यातच फायदा आहे, हे त्याला पुन्हा पुन्हा समजावत त्या हसत राहिल्या. बघणाऱ्याला वाटावं, बाईंची दाढ दुखतेय.

तेवढ्यात समोरची खुर्ची करकरली. वृंदाताई पदर खोचत स्वयंपाकघराकडे सुटल्या होत्या. आतून बादली खणखणली.

“आलं हो पाणी. चलो, दुसरी बादली कुठेय?”

बाईंनी लेकीकडे पाहिलं. वल्लरीने मानेनेच ‘जा’ म्हणताच त्याही धावल्या.

सिद्धांतने कपाळाला हात लावला. “सॉरी. आमच्या नोएडाच्या घरीही हेच चालतं. आज उठायचं नाही, असं मी आईला दहादा सांगून आणलं होतं.”

वल्लरीला इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. मग तिने टब उचलून त्याच्या हातात दिला.

“मग बसलास काय? बाथरूमचा नळ तुझा.”