पालथा पडलो, तो नमस्कार नव्हता

माझ्या पाठीवर लाल ठिपका फिरत होता.

पाठ पडद्यावरची. सांगलीतल्या एका कॉलेजचा हॉल. पुढच्या ओळीत मी फेटा बांधून बसलेलो, खांद्यावर नुकतीच घातलेली शाल, मांडीवर नारळ. आणि समोर भिंतीएवढ्या पडद्यावर मीच, नुसत्या लंगोटावर, मातीत पालथा. मानेवर बूट. बूट त्या टीव्हीतल्या उडणाऱ्या हिरोचा.

पुण्याहून आलेल्या सरांच्या हातात पेनासारखं एक यंत्र होतं. दाबलं की लांबवर लाल ठिपका पडायचा. तो त्यांनी माझ्या मानेवर ठेवला. मग पाठीवरनं खाली आणला. लंगोटापाशी थांबवला. मागं पोरी फिसकन हसल्या.

"हा देह नीट पाहा," सर म्हणाले. "कुणी पाडायच्या आधीच हा पालथा पडतो. हात पुढे. कपाळ जमिनीला. हा माणूस पडतानाही नमस्कार करतो. हजारो वर्षांची सवय आहे ही."

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या.

मी चौथीपर्यंत शिकलोय. हे लिहिताना बोटं आखडतात, एकेका ओळीला घाम फुटतो. पण माझं दुसऱ्यानं सांगायचं आणि मी खाली बसून ऐकायचं, हे मला आता नको.

मी विट्याकडच्या माळावरचा धनगर. बाप जन्मभर मेंढरांमागं फिरला. मी मेंढरांमागं कमी आणि तालमीत जास्त. औंधच्या यात्रेतली मैदानं मारली. पुढं गावातली तालीम सांभाळली, म्हणून लोक मला वस्ताद म्हणतात. माझ्याजवळ जमीन नाही सांगण्यासारखी. शिक्षण नाही. एकच गोष्ट आहे. माझ्या पाठीला मैदानात कधी माती लागली नाही. ज्याला कुस्ती कळत नाही त्याला सांगतो. गडी पालथा पडला, तोंडात माती गेली, वरचा पाठीवर नाचला, तरी तो हरलेला नसतो. दोन्ही खांदे मातीला टेकले की संपलं. मग घरी जाऊन बायकोपुढं मान वर करता येत नाही.

आता ती मालिका. छातीवर सूर्य काढलेला एक पोरगा. अंगाला चापून बसलेले निळे कपडे. उडतो, भिंती फोडतो, एका हातानं मोटार उचलतो आणि वाईट माणसांना मारतो. पोरं येडी झाली होती तिच्यापायी. आता ती सगळी परत फोनवर दिसते. आणि असल्या मालिकांवर मोठी मोठी माणसं अभ्यास करतात. हिरो म्हणजे कोण, राक्षस म्हणजे कोण, मारामारीचा अर्थ काय. पुस्तकं लिहितात. मला हे माहीत नव्हतं. आष्ट्याचे एक मास्तर त्या कॉलेजात शिकवतात, ते घरी आले आणि म्हणाले, "वस्ताद, त्या मालिकेतला राक्षस तुम्हीच ना? पुण्याचे सर तुमच्यावर बोलणार हायत. सत्कार हाय."

सत्कार म्हटल्यावर गेलो. बरोबर दस्तगीर. माझा तालमीतला जोडीदार, विट्याच्या कल्हईवाल्याचा पोरगा. तोही त्या मालिकेत राक्षस होता.

शूटिंग औंधच्या पलीकडं डोंगराच्या पायथ्याला झालं होतं. तालमीतली आम्ही थोराड माणसं ट्रकात घालून नेली. माझी साठी जवळ आली होती, पण मान रेड्याची होती. मुंबईचा एक माणूस आमच्या रांगेपुढनं फिरला. हनुवटीला बोट लावून एकेकाचं थोबाड वर केलं, बाजारात बैलाचे दात बघतात तसं. मग रंग लावणाऱ्या बाईला म्हणाला, "इनको मेकअप की जरूरत नहीं. ऐसे ही राक्षस लगते हैं."

दस्तगीर मला म्हणाला, "गड्या, सासरवाडीत पण मला हेच म्हणत हुते."

आम्ही हसलो. टीव्हीत दिसायची हौस होती. खोटं कशाला बोलू.

काम असं. हिरो दोरीला लटकून वरनं यायचा, लाथ मारल्यासारखं करायचा, आम्ही पडायचं. उताणं. मग तो छातीवर पाय ठेवून हात वर करणार.

दस्तगीर पडला. उताणा, धप्पकन. उठला, पाठ झटकली. मी त्याच्याकडं बघत राहिलो.

"नाटक हाय रं," तो म्हणाला. "ही काय तालमीची माती हाय व्हय?"

"पाठ तर तीच हाय," मी म्हणालो.

माझी पाळी आली. पोरगा वरनं आला. मी गिरकी घेऊन पालथा पडलो. परत घ्या म्हणाले. परत पालथा. मारामारी शिकवणारा त्यांचा मास्टर आला. हातात वेताची काठी.

"ए बुड्ढे, पीठ पे गिर."

"पाठ टेकायची न्हाई मी."

त्याला कुणीतरी समजावून सांगितलं. तो हसला. सगळे हसले. "अरे, ये कुश्ती समझ रहा है!" मग हसणं थांबवून त्यानं काठी माझ्या पोटऱ्यांवर ओढली. एकदा, परत एकदा. कातडी उठली. आणि त्या पोराला म्हणाला, "लगने दे. लगेगा तो उलटेगा."

पोरगा काडीसारखा. माझ्या एका मांडीत तसले दोघं निघाले असते. पण बुटाचा तळ लाकडासारखा टणक. पहिली लाथ बरगडीत बसली. आत काहीतरी कडकन वाजलं. दुसरी तोंडावर. दात जिभेवर आले. गिळले का थुंकले, आठवत नाही. तरी पडलो तो पालथाच, रक्त आणि माती एक झाली. मला उलटा करायला त्यांची माणसं धावली. एकानं पाय धरला, एकानं दंड पिळला, एकानं गुडघा कमरेत घालून रेटलं. मी पाय फाकवले, हात पुढं टाकले, बोटं मातीत रुतवली, कपाळ खाली दाबलं. वरचा गडी उलटवायला लागला की खालचा असाच धरून राहतो. नखं तुटली. पण मी हललो नाही. सगळ्यांना मिळून मला उलटा करता आला नाही.

शेवटी शूटिंग घेणारा मोठा साहेब खुर्चीतनं ओरडला, "चलो, ऐसे ही लो. गर्दन पे पैर रख."

पोरानं मानेवर बूट ठेवला. हात वर केला. ते चित्र त्यांनी घेतलं.

घरी गेलो. तोंड सुजून भोपळा झालेलं. बायको आंबील भरवायला बसली. म्हणाली, "कशाला गेलावता तिकडं मरायला?"

"पाठ टेकली न्हाई," मी म्हणालो.

"मग बरं," ती म्हणाली. आणि परत कधी विचारलं नाही. आता ती नाही. हे कळणारं माणूस घरात राहिलं नाही.

तेच चित्र सांगलीच्या पडद्यावर होतं. तोच मी. हात पुढं, कपाळ खाली.

सरांचं आधीचं बोलणं मला पटलं होतं, हे सांगायला पाहिजे. ते म्हणाले, "हा हिरो म्हणजे सत्ता. त्याला कायदा नाही, कोर्ट नाही. तो मारतो आणि आपण टाळ्या वाजवतो. आणि राक्षस कोण? काळा, उघडा, नाव नसलेला कष्टकरी माणूस." मी दस्तगीरला कोपर मारलं. बघ, आपल्या बाजूनं कुणीतरी बोलतंय. ऊर भरून आला होता माझा. आणि त्याच तोंडानं पुढं नमस्कार आला. मुंबईच्या पोरानं मारलेली लाथ मी तोंडावर घेतली होती. ही लाथ आपला म्हणवणाऱ्यानं मारली, शाल घालून, पुढं बसवून.

मी उभा राहिलो.

"सर, त्यो नमस्कार न्हवता."

सर हसले. मायेनं हसले, तेच जास्त लागलं. "बाबा, बसा. शेवटी तुम्हाला बोलायला देणारच आहोत."

"आत्ताच बोलतो. मला उताणा पाडायचा हुता त्यास्नी. मी पडलो न्हाई. म्हणून दात पाडलं माझं." मी ओठ वर करून दाखवला.

सरांनी मान डोलवली. "बाबा, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण तुम्ही मनात काय ठरवलं होतं, हा प्रश्नच नाही. पडद्यावर काय दिसतं, हा प्रश्न आहे. आणि पडद्यावर शरणागती दिसते. तुम्हाला ती जाणवत नाही, कारण ती तुमच्या अंगात भिनलेली आहे."

"माझ्या अंगातलं मला कळत न्हाई, आन् तुमाला कळतंय?"

"अभ्यासानं," सर म्हणाले.

मागं परत हसणं. त्या हसण्यानं माझ्या कानात हलगी वाजायला लागली.

मी स्टेजवर चढलो. पडद्यापुढं जाऊन उभा राहिलो. ती लाथ परत परत दाखवायची सोय त्यांनी करून ठेवली होती. ती माझ्या सदऱ्यावर पडायला लागली. बूट येतोय, तोंडावर बसतोय. येतोय, बसतोय. कॉलेजची दोन तरणी माणसं मला उतरवायला आली. एकानं दंड धरला. मी खांदा झटकला, तो टेबलावर जाऊन आदळला, पाण्याचा तांब्या सांडला. दुसरा लांबच थांबला.

तेव्हा सर ओरडले, "थांबा! अडवू नका त्यांना. फोटो घ्या. बघा, देह बोलतोय!"

आणि तो लाल ठिपका त्यांनी माझ्यावर धरला. पडद्यावरच्या नाही. जिवंत छातीवर.

मी त्यांचं मनगट धरलं. पिळलं. त्यांच्या तोंडातनं कुत्र्याच्या पिलासारखा आवाज आला. यंत्र खाली पडलं, ते मी टाचेखाली घेतलं. सरांचा चेहरा पांढरा पडला होता. डोळ्यांत पाणी. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. म्हणालो, "कळतंय का आता माझ्या अंगात काय हाय?" मग त्यांना सोडलं, मागं वळलो, पडद्यात बोटं खुपसली आणि वरनं खालपर्यंत फाडला. टर्रकन. माझ्या तोंडावर येणारा बूट दोन तुकडे होऊन लोंबायला लागला.

सगळा हॉल उभा. कुणी हसत नव्हतं. आष्ट्याचे मास्तर हात जोडून म्हणत होते, "वस्ताद, आवं काय केलंसा हे! माझी नोकरी हाय हो हितं."

"तुमची नोकरी तुमी बघा," मी म्हणालो. शाल खुर्चीवर टाकली आणि चालायला लागलो. मागनं दस्तगीर आला. त्याच्या काखेत नारळ.

"त्यो कशाला घेतलास?"

"नारळानं काय घोडं मारलंय रं तुझं?"

एस. टी.त बसल्यावर त्यानं मला विचारलं, "मी पडलो हुतो उताणा. माझ्यावर बोलले न्हाईत ते. का गड्या?"

"तू त्यास्नी पाहिजे तसा पडलास," मी म्हणालो. "त्यात अर्थ काय काढायचा?"

विट्याला एस. टी. थांबली. उतरताना म्हणाला, "हे लय वाईट बोललास." खरं होतं. पण मी शब्द मागं घेतला नाही.

परवा आष्ट्याचे मास्तर परत आले. आत बसायला तयार नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभे.

"वस्ताद, सर मोठ्या मनाचे हायत. पोलिसात जाणार न्हाईत. फोनवर दोन शब्द बोला, माफी मागा, विषय मिटला. सरांचं पुस्तक येतंय ह्याच मालिकांवर. कव्हरवर तुमीच. लांब लांब जातंय बघा पुस्तक."

"कव्हरवर कुठलं चित्र?"

मास्तर उंबऱ्याकडं बघायला लागले.

"बूटवालं?"

"तेच लोकांना भिडतं, वस्ताद."

"खाली काय लिवणार?"

"ते सर ठरवतील."

मी म्हणालो, "माफी न्हाई. आन् ते चित्र न्हाई."

मास्तर चपलेत पाय घालत होते. जाता जाता काकुळतीला येऊन म्हणाले, "बरं, एवढं तरी ऐका. सरांचं हेच भाषण आता साताऱ्याला हाय. तिथं तरी येऊ नका."

"बरं झालं सांगितलंसा," मी म्हणालो. "मला ठाव न्हवतं."

सून म्हणते, मामंजी, म्हातारपणी जेलात जायचंय का? मुलगा म्हणतो, कोण बघतंय ते पुस्तक, सोडून द्या. कुणी बघो न बघो. ते छापलं की माझ्यामागं तेच राहणार. मी मेल्यावर माझ्या तोंडात दात का नव्हते हे सांगायला कुणी असणार नाही. आणि सरांचं पुस्तक असणार.

म्हणून मी साताऱ्याला जाणार आहे. फेटा बांधून. बोलावणं नाही, तरी पहिल्या ओळीत बसणार. ते चित्र पडद्यावर आलं की उठणार, पुढं जाणार आणि झालं तसं सांगणार. माझ्या तोंडानं, माझ्या भाषेत, संपेपर्यंत. सर ऐकून घेणार असतील तर त्यांनी खाली बसून ऐकावं, मी त्यांना बोट लावणार नाही. आणि परत अर्थ सांगायला लागले तर साताऱ्याचा पडदाही फाडणार. मग पुढचं गाव असेल तिथला. हे मी कागदावर लिहून ठेवतोय, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं. डोकं जाग्यावर आहे.

मला स्टेजवरनं ओढायला जो कुणी पुढं येणार असेल, त्यानं घरी सांगून यावं.